झोपेसाठी आस्कंद घेताय? आधी यकृताचा विचार करा

रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, मनाला हुरहुर लागून राहते, अंग मोडून येते, अशी तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. पावसाची ओढ, कर्जाचे हप्ते, मुलांच्या शिक्षणाची काळजी, कारणे काही कमी नाहीत. मग कोणीतरी सुचवते, "रात्री दुधातून आस्कंद घ्या, शांत झोप लागेल." आस्कंद म्हणजेच अश्वगंधा. काही भागांत तिला ढोरगुंज असेही म्हणतात. पूर्वी ती वैद्याच्या सल्ल्याने घेतली जाई. आता चूर्ण, गोळ्या, कॅप्सूल, अर्क अशा अनेक रूपांत ती दुकानात आणि मोबाइलवरील जाहिरातींतून सहज मिळते. 'झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार?' असे म्हणून लोक ती महिनोन् महिने घेत राहतात. हा समज कितपत बरोबर आहे, हे समजून घेण्यासाठी सातासमुद्रापलीकडच्या एका पेयाची हकिकत पाहू.

बेटांवरचा 'कावा'

कावा म्हटले की आपल्याला गनिमी कावा आठवतो. पण प्रशांत महासागरातील फिजी, टोंगा, सामोआ, वानुआतू या बेटांवर कावा हे एका वनस्पतीचे आणि तिच्या पेयाचे नाव आहे. ही वनस्पती आपल्या नागवेलीच्या आणि पिंपळीच्या कुळातली. तिचे मूळ कुटून थंड पाण्यात कालवतात, गाळतात आणि नारळाच्या करवंटीतून पितात. पाहुण्याचे स्वागत असो, लग्न असो की तंटा मिटवणे असो, कावा हवाच. त्यात दारू नसते. पिताना जीभ-ओठ थोडे बधिर होतात, स्नायू सैल पडतात, मन शांत होते आणि झोप येते. 1879 ते 1916 या काळात करारावर फिजीच्या ऊसमळ्यांत नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांतही हे पेय रुजले आहे. दिवसभर उसात राबलेल्या अंगाला विसावा म्हणजे काय, हे ऊसतोड कामगारांच्या आपल्या बीड जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

शतकानुशतके चालत आलेले हे पेय पुढे युरोपात कॅप्सूलच्या रूपाने गेले. चिंता आणि निद्रानाशावर ते खपू लागले. परंतु काही रुग्णांना कावीळ झाली, काहींचे यकृत निकामी झाले. 2002 साली जर्मनीने या औषधांचे परवाने रद्द केले. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही ग्राहकांना सावधगिरीचा इशारा दिला.

बेटांवर चालणारी वस्तू युरोपात का बाधली? एकच एक कारण निश्चित झाले नाही. तरी काही गोष्टींवर संशय गेला. बेटांवर मूळ पाण्यात कालवीत, कारखान्यांत मात्र अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन वापरून तीव्र अर्क काढला जाई. मुळाऐवजी खोडाची सालही वापरली गेल्याचा संशय होता. शिवाय काही रुग्ण सोबत मद्य किंवा इतर औषधे घेत होते. अर्थात पाण्यातला कावाही अगदी निर्धोक नाही. रोज भरपूर पिणाऱ्यांची त्वचा कोरडी होऊन खवले धरते आणि यकृताच्या तपासणीतही फरक दिसतो.

आपल्या आस्कंदाचे काय?

आस्कंद ही कोरड्या हवेत, माळरानावर वाढणारी वनस्पती. आयुर्वेदात तिचे मूळ बलवर्धक मानले आहे. तिच्या शास्त्रीय नावातील 'सोम्निफेरा' या शब्दाचा अर्थच झोप आणणारी असा आहे. आधुनिक चाचण्यांतही काही लोकांचा ताण कमी झाला, झोप थोडी सुधारली. मात्र या चाचण्या बहुतेक लहान आणि दोन-तीन महिन्यांच्याच होत्या. वर्षानुवर्षे घेतल्यास काय होते, याचा पुरावा त्यातून मिळत नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 2020 साली आइसलंड आणि अमेरिकेतील डॉक्टरांनी आस्कंदाच्या गोळ्यांनंतर कावीळ झालेल्या 5 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. 2023 साली भारतातूनही अशीच नोंद आली. ज्यांना यकृताचा जुना आजार होता, त्यांच्यापैकी काहींच्या तो जिवावर बेतला. डेन्मार्कने त्याच वर्षी आस्कंदावर बंदी घातली. आपल्या आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना आस्कंदाची पाने न वापरण्याची सूचना केली होती, कारण परंपरेने वापर आहे तो मुळाचा. घेणाऱ्यांची संख्या पाहता असा त्रास क्वचितच होतो, म्हणून घाबरून जाऊ नये. पण तो कोणाला होईल, हे आधी सांगता येत नाही.

कोणी घेऊ नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आस्कंद घेऊ नये. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि नियमित दारू पिणाऱ्यांनी तिच्यापासून दूर राहावे. थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, फिट्स किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. क्षयाच्या औषधांनी काहींच्या यकृताला आधीच त्रास होतो, त्यात ही भर नको.

घ्यायचीच असेल तर शिकलेल्या वैद्याकडून प्रकृती तपासून, ठरावीक मुदतीसाठीच घ्यावी. डबीवर 'मूळ' लिहिले आहे की नाही, ते पाहावे. लेबल नसलेल्या पुड्या आणि बांधावरून स्वतः उपटून आणलेल्या मुळ्या टाळाव्यात. डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्यावी. 'दुसरे काही घेता का?' असे विचारल्यावर आपण नाही म्हणतो, कारण चूर्णाला आपण औषध समजतच नाही.

ही लक्षणे ओळखा

भूक मंदावणे, मळमळ, अंगाला खाज, गडद पिवळी लघवी, डोळे पिवळे होणे, यांपैकी काहीही दिसले तर चूर्ण त्याच दिवशी बंद करावे. आपल्याकडे डोळे पिवळे झाले की आधी कावीळ उतरवायला नेतात, नाकात रस घालतात. त्यात आठ-पंधरा दिवस जातात आणि मूळ कारण असलेले चूर्ण मात्र पोटात जातच राहते. तसे न करता बीडचे जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचा डॉक्टर गाठून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. वेळीच औषध थांबवले तर बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात.

शेवटी, झोप का उडाली याचाही शोध घ्यावा. संध्याकाळनंतरचा चहा, तंबाखू-मिश्री, दुपारची लांब झोप आणि अंथरुणातला मोबाइल कमी केला, तरी अनेकांना फरक पडतो. दोन-तीन आठवडे झोप नाही, कशात मन रमत नाही, जगणे नकोसे वाटते, असे असेल तर कोणत्याही चूर्णावर विसंबून राहू नये. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते. मनातले बोलण्यात कमीपणा नाही.