मुशायरा, पेटी आणि पियानो

साहित्यवाचनाला वाद्याची जोड द्यायची म्हटले की आपल्याकडे सगळ्यांना आधी पेटी आठवते. कीर्तन, नाट्यपद, भावगीत अशा साऱ्या वाटा तिच्याच सोबतीने तुडवल्या गेल्या, त्यामुळे यात नवल नाही. पण गाण्याला पेटी जितकी साजते, तितकीच ती वाचनाला अडचणीची ठरते. कविता गायची नसेल, नुसती म्हणायची असेल, तर तिच्या शेजारी पियानो बसवावा, असे माझे ठाम मत आहे. यवतमाळ जिल्ह्याने मराठीला शब्द म्हणून दाखवण्याची जी परंपरा दिली, तिच्याकडे नीट पाहिले तर हे मत वरवर वाटते तितके परके राहत नाही.

त्या परंपरेतले पहिले नाव वा. वा. उर्फ भाऊसाहेब पाटणकर (१९०८–१९९७) यांचे. यवतमाळात वकिली करणारा आणि वाघाच्या शिकारीचा षौक बाळगणारा हा माणूस मराठीत शायरी घेऊन उभा राहिला आणि त्याने ‘मराठी मुशायरा’ रूढ केला. शेजारच्या अमरावतीचे सुरेश भट आपली गझल तरन्नुममध्ये पेश करत. भाऊसाहेबांची रीत गाण्याची नव्हे, म्हणण्याची होती. त्यांच्या शायरीची बांधणी पाहा. सुरुवातीच्या ओळी ऐकणाऱ्याला एका दिशेने नेतात. त्या पुन्हा म्हटल्या जातात, दाद येते, बैठक पुढे सरसावते. मग क्षणभर थांबणे, आणि नंतर शेवटच्या ओळीची कलाटणी. सारी ताकद त्या थांबण्यात आहे. त्या क्षणी कानात दुसरा कोणताही सूर असेल, तर कलाटणी बोथट होते.

पेटीची अडचण नेमकी इथे येते. भात्यात हवा आणि पट्टीवर बोट आहे तोवर तिचा स्वर एकाच जोराने वाजत राहतो. गायकाला तो आधार हवाच असतो, कारण त्याचा स्वरही तसाच लांबतो. बोलणाऱ्याचा आवाज मात्र अक्षरागणिक तुटतो. व्यंजनांच्या बारीक कडा, यमकाआधीची निःशब्दता, वाक्याच्या शेवटी खाली येणारा आवाज, हे सगळे त्या अखंड स्वराखाली दबते. पियानोत लोकरी नमद्याची हातोडी तारेवर पडते आणि लगेच मागे हटते. स्वर उमटल्या क्षणापासून विरू लागतो. वरच्या पट्टीतला तर फारच लवकर विरतो. वादकाने पायाखालची पट्टी दाबून तारा मोकळ्या सोडल्या नाहीत, तर बोट उचलताच शांतता पसरते. वाचकाला हवी असलेली जागा हे वाद्य आपणहून रिकामी करून देते.

रिचर्ड श्ट्राउस या जर्मन संगीतकाराने हे ओळखले होते. इंग्रज कवी टेनिसनच्या ‘ईनॉक आर्डेन’ या दीर्घ कथाकाव्यासाठी त्याने १८९७ मध्ये निवेदक आणि पियानो यांची रचना केली. त्यात पियानो पात्रांची चाहूल देतो, समुद्र उभा करतो आणि मग बराच काळ गप्प राहतो. निवेदक एकटाच बोलतो. उलट बाजूला आपले ‘गीतरामायण’ आहे. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत याप्रमाणे माडगूळकर–फडके जोडीने ५६ गीतांत रामकथा सांगितली. तिथे शब्द मुळात स्वरासाठीच घडला होता, म्हणून पेटी शोभली. हेच माडगूळकर १९७३ मध्ये यवतमाळच्या ४९व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ‘गीतरामायणा’च्या यशाने एक गैरसमज मात्र घट्ट केला, की कविता लोकांपर्यंत न्यायची तर तिला चाल लावलीच पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येईल तो परकेपणाचा. पियानोतून मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात सलग सरकणे, निघत नाही, मग तो आपला कसा? पण मींड पेटीतूनही निघत नाही. त्याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवले होते. पेटीही मूळची युरोपचीच; कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हातभाता देऊन बैठकीत आणले. शिवाय मींडेची गरज रागाला असते. बोलण्याला सोबत करताना तो उणेपणा उरतच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वऱ्हाडी कवी शंकर बडे यांनी ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा एकपात्री प्रयोग वऱ्हाडी बोलीच्या बळावर गाजवला. भाऊसाहेबांनाही वाद्य लागले नाही. २०१९ मध्ये यवतमाळच्याच ९२व्या संमेलनाच्या उद्घाटनाला कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे या शेतकरी विधवेने केलेले भाषण उभ्या महाराष्ट्राने ऐकले, ते निव्वळ शब्दांच्या जोरावर. मग पियानो हवाच कशाला? आक्षेप खरा आहे आणि मला तो मान्यही आहे. समर्थ कवी स्वतः समोर असेल तर काहीच नको. पण आज भाऊसाहेब नाहीत, आणि २०१६ पासून बडेही नाहीत. त्यांचे शब्द आता दुसऱ्या कुणीतरी म्हणायचे आहेत. त्यांच्याजवळ असलेला दरारा या नव्या वाचकाजवळ नसतो. एक रचना संपून दुसरी सुरू होण्याआधी श्रोत्याचे मन सावरायला जो अवधी लागतो, तो राखण्याचे काम वाद्य करू शकते.

व्यवहाराची अडचण उरते. पियानोत दोनशेहून अधिक तारा असतात. विदर्भाचा कोरडा उन्हाळा आणि लगेच येणारा दमट पावसाळा यांत त्याचे लाकूड आकसते, फुगते आणि सूर उतरतो. तेव्हा दर्जेदार डिजिटल पियानोवर भागवायला हरकत नाही, फक्त पट्ट्या वजनदार हव्यात. जागाही विचारपूर्वक निवडावी लागेल. जुन्या दगडी वास्तूत आवाज घुमतो, शब्दावर शब्द चढतो. तिथे वाचन संथ आणि वादन आणखी विरळ ठेवावे लागते. त्यापेक्षा उघडी जागा बरी, आणि ती यवतमाळातच आहे. कापूस वाहण्यासाठी इंग्रजी अमदानीत टाकलेल्या यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेजवर ‘शकुंतला’ ही गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. आता ती बंद आहे. तिच्या स्थानकाचा मोकळा फलाट अशा वाचनाला योग्य ठरेल, कारण उघड्यावर घुमारा नसतो, आणि बडेंची कविता ज्या कापूसकऱ्यांची आहे त्यांच्याच इतिहासाची ती जागा आहे. यवतमाळच्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी एक संध्याकाळ एवढ्यासाठी द्यावी: भाऊसाहेबांची शायरी, बडेंची वऱ्हाडी, दोन वाचक, एक पियानो. आणि वादकाला आधीच बजावून ठेवावे, की शेर सुरू असताना हात मांडीवर.