वाफेच्या गावातले विद्यापीठ

जपानच्या दक्षिणेला, क्युशू बेटावर, डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात बेप्पू हे गाव आहे. इथे जागोजागी जमिनीतून वाफ निघते आणि गरम पाण्याचे झरे दोन हजारांहून अधिक आहेत. जपानी माणूस बेप्पूला जातो तो स्नानासाठी. वस्ती सव्वा लाखाहून कमी, तीही घटती. गावातली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी तोक्यो-ओसाकाची वाट धरत. स्वतःची मुले जिथे टिकत नाहीत, तिथे परक्या देशांतली मुले कशाला येतील?

तरीही एप्रिल २००० मध्ये या गावामागच्या डोंगरावर रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठ सुरू झाले. क्योतोची रित्सुमेइकान ही खासगी शिक्षणसंस्था, ओइता प्रांत आणि बेप्पू नगरपालिका अशा तिघांचे हे काम. ओइताचे तेव्हाचे गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सु यांनी १९७९ मध्ये ‘एक गाव, एक उत्पादन’ ही चळवळ सुरू केली होती. खेड्याने आपल्याजवळ आहे तेच जगापुढे न्यावे, हा तिचा गाभा. विद्यापीठाच्या बाबतीत मात्र जगालाच गावात आणायचे होते. उद्दिष्ट जाहीर झाले: निम्मे विद्यार्थी परदेशी, निम्मे अध्यापक परदेशी आणि विद्यार्थी किमान पन्नास देश-प्रदेशांतले.

हे केवळ जाहिरातीने साधणारे नव्हते. परदेशी विद्यार्थ्यांची संख्या एक लाखावर न्यायची, असे जपान सरकारने १९८३ मध्येच ठरवले होते. तो आकडा गाठायला २००३ साल उजाडले. अडचण वाटेतच होती. परदेशी मुलाने आधी जपानला यायचे, वर्ष-दोन वर्षे भाषाशाळेत घालवायची, मग प्रवेशपरीक्षा द्यायची, अशी साधारण रीत. एवढा खर्च करून प्रवेश मिळेलच याची खात्री नाही.

बेप्पूच्या विद्यापीठाने ही रीतच बदलली. घर सोडण्यापूर्वी प्रवेश निश्चित होऊ लागला. शिक्षण इंग्रजीतून सुरू करता येई आणि जपानी तिथेच शिकता येई. जपानी शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते; इथे सप्टेंबरमध्येही प्रवेश ठेवला. मग पैशाचा प्रश्न. १९९७ च्या आर्थिक संकटात थायलंड, इंडोनेशिया, दक्षिण कोरिया यांची चलने कोसळली होती, आणि विद्यार्थी तर याच भागातून यायचे होते. त्यामुळे शुल्कात मोठी सवलत द्यावी लागली. शिष्यवृत्त्यांसाठी जपानी उद्योगांकडे हात पसरावे लागले. पुढे नोकरभरतीसाठी कंपन्याही डोंगर चढून विद्यापीठात येऊ लागल्या. आईवडिलांची खरी समजूत यानेच पटली असावी. मूल कुठल्या गावात राहते यापेक्षा शिकून पुढे काय करणार, ही काळजी मोठी असते.

विद्यार्थ्यांइतकीच गावाचीही मनधरणी आवश्यक होती. पहिले वर्ष परदेशी मुले विद्यापीठाच्या वसतिगृहात काढतात. नंतर बरीचशी गावात खोल्या घेतात. म्हणजे घरमालक, दुकानदार, शेजारी यांच्याशी रोजची गाठ. कचरा कोणत्या दिवशी कोणता टाकायचा, आणि स्नानगृहात आधी अंग स्वच्छ धुऊन मगच सामाईक कुंडात उतरायचे, हे कोणी तरी शिकवावे लागते. १८७९ पासून चालत आलेल्या ताकेगावारासारख्या स्नानगृहाच्या गावात हा नियम साधा शिष्टाचार नव्हे, तो गावाचा स्वभाव आहे.

आज तिथे सुमारे सहा हजार विद्यार्थी आहेत आणि त्यांतले जवळपास निम्मे परदेशी. पण २०२० मध्ये महामारीमुळे जपानने सीमा बंद केल्या. पुढची जवळजवळ दोन वर्षे प्रवेश मिळालेल्या कित्येक मुलांना देशात पाऊलही ठेवता आले नाही. दूरच्या मुलांवर विसंबलेल्या गावाचा धोका तेव्हा कळला.

दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. पदवी मिळाली की यातली बहुतेक मुले मोठ्या शहरांकडे किंवा मायदेशी जातात, पूर्वी बेप्पूची मुले जात तशीच. विद्यार्थ्यांनी चार वर्षांसाठी यावे, हे गावाला साधले. त्यांनी राहावे, यासाठी शिष्यवृत्ती पुरत नाही; गावातच काम लागते, आणि ते विद्यापीठ एकटे निर्माण करू शकत नाही.