आकाशमार्गाने येणारी चोरटी सिगारेट

सिगारेट ही अफू-चरसासारखी सर्वथा निषिद्ध वस्तू नव्हे. ती भर बाजारात उजळ माथ्याने विकली जाते, आणि म्हणूनच तिच्या चोरट्या आयातीकडे लोक अपराध म्हणून न पाहता किरकोळ चतुराई म्हणून पाहतात. हा समज किती घातक आहे, हे त्या व्यवहाराची रीत जाणल्यावाचून उमगत नाही.

तिजोरीत भर पडावी आणि व्यसनाला आळा बसावा, या दुहेरी हेतूने सरकार सिगारेटवर जबर कर बसविते. परंतु मुलखामुलखांतील करांचे दर भिन्न असल्यामुळे, करमुक्त पेठेत उचललेला माल गुपचूप भारतात उतरविला, की दोन किमतींमधील सारे अंतर तस्कराच्या पदरात पडते. जहाजावरील एका मोठ्या कंटेनरात सुमारे एक कोटी सिगारेटी मावतात, हे खरे. पण तो एक पकडला गेला की सारे भांडवल बुडते. विमानाने थोडाथोडा माल अनेक हातांनी येतो, त्यामुळे एक खेप जप्त झाली तरी धंदा थांबत नाही.

२०१६ च्या नियमांनी प्रवाशाला १०० सिगारेटी करमुक्त आणण्याची मुभा दिली. वीस सिगारेटींची दहा पाकिटे मिळून एक कार्टन होतो. म्हणजे ही सवलत अर्ध्या कार्टनचीच. तिकीट आणि थोडे कमिशन यांच्या मोबदल्यात, कोरियाची एस्से किंवा इंडोनेशियाची लवंगमिश्रित गुडांग गरम भरलेल्या बॅगा घेऊन निघालेला वाहक, जाहीर करण्यासारखे काहीच नसणाऱ्यांच्या ग्रीन चॅनलमधून निसटू पाहतो. पण पाकिटांच्या एकसारख्या रांगा क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर सहसा लपत नाहीत. दुसरी वाट मालवाहतुकीची : कागदोपत्री कापड वा खेळणी, खोक्यांत सिगारेटी, आणि आयातदार म्हणून भलत्याच माणसाच्या नावाचा परवाना.

१९६२ च्या सीमाशुल्क कायद्यान्वये असा मुद्देमाल जप्त होतो, दंड होतो, आणि गंभीर प्रकरणी सात वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. १९५७ साली स्थापन झालेले महसूल गुप्तचर संचालनालय अशा तस्कर टोळ्यांच्या मागावर असते. तथापि झडतीत सापडतो तो बहुधा वाहक, आणि धनी मात्र पडद्याआड राहतो. २०१२ साली सेऊल येथे या व्यापाराविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २०१८ मध्ये अमलात आला आणि त्याच वर्षी भारतही त्यात सामील झाला. कारण एकट्या देशाच्या चौकीने ही साखळी तुटत नाही.

हानी केवळ महसुलाची नाही. २०१६ पासून आपल्याकडील पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापणे बंधनकारक आहे. चोरट्या पाकिटावर तो बहुधा नसतो. असे पाकीट पुणे जिल्ह्यातील कळंब-वालचंदनगरच्या एखाद्या पानटपरीवर पोहोचले, तर कोवळ्या वयाच्या मुलाला धोक्याचे चित्र न दाखवताच ते विष हाती देते. म्हणून इंदापूर-बारामतीकडून रोजगारासाठी आखातात जाणाऱ्या तरुणांना कळकळीने सांगावेसे वाटते, की परतताना ओळखीच्या माणसानेही दिलेली बंद बॅग स्वीकारू नये. तीत काय आहे याचा जाब सीमाशुल्क अधिकारी देणाऱ्याला नव्हे, तर आणणाऱ्यालाच प्रथम विचारतात.