दोन नंबरची कुस्ती

धुळे-सोलापूर महामार्गाने दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात प्रवास करणाऱ्यास तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या दुकानांवरून ओळखू येते, आणि तेथे मोटार थांबवून पोराबाळांसाठी सुतळी बॉम्ब, भुईनळे घेतल्यावाचून पुढे जाणे पुष्कळांच्या जिवावर येते; माझा मात्र या गावाशी गेल्या कैक वर्षांचा जो ऋणानुबंध आहे तो दारूकामाचा नसून लाल मातीचा आहे, कारण येथील एका वृद्ध पहिलवानाच्या ओसरीवर बसून, त्यांच्या मोडलेल्या कानांकडे पाहत, मी एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरविला आहे: पहिलवान जुना झाला म्हणजे त्याची किंमत कोण मुक्रर करतो, आणि कोणत्या मापाने?

या प्रश्नाचे परदेशी उत्तर आधी सांगून टाकतो, म्हणजे माझ्या आवडीच्या विषयाकडे वळता येईल. कुस्ती, मुष्टियुद्ध, जुजुत्सू आदी विद्यांचे मिश्रण करून पिंजऱ्यात खेळल्या जाणाऱ्या झुंजींची यूएफसी ही अमेरिकन संस्था 2013 पासून वजनगटांनुसार विजेता आणि त्याच्याखाली फार तर पंधरा मल्ल अशी यादी पत्रकारांच्या मतांवरून लावीत आली. रँडी कूटूरने 2007 साली वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी जड गटाचे, तर ग्लोव्हर टेशेराने 2021 साली बेचाळिसाव्या वर्षी त्याखालच्या गटाचे अजिंक्यपद पटकावले, तेव्हा वय हा त्या दफ्तरात गुन्हा नव्हे हे खरे. आपल्याकडील भरत खंडारे 2017 साली शांघायला त्या पिंजऱ्यात उतरून पहिल्याच फेरीत हरला, पण उतरला हेही खरे. तथापि पंधराव्या नावाखाली रेघ ओढणारी आणि सोळाव्यास जणू जन्मालाच न घालणारी ही पद्धत मला जमाबंदीच्या उताऱ्यासारखी रुक्ष वाटते.

आपल्या फडात यादी नसते. असते ते हँडबिल. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येरमाळ्याच्या येडेश्वरीला चुन्याचे खडे वेचण्यासाठी लोटणारी गर्दी ओसरते न ओसरते तोच गावोगावच्या जत्रांची जी पत्रके हॉटेलांच्या भिंतींवर चिकटतात, ती कुस्तीशौकीन मनुष्य वरून खाली न वाचता फोटोंच्या आकारावरून वाचतो. एक नंबरच्या कुस्तीच्या दोन्ही मल्लांची छायाचित्रे सर्वांत मोठी व समोरासमोर. दोन नंबरच्यांची त्याहून लहान. तीन नंबरच्यांची टपाल तिकिटाएवढी. आणि पुढे नुसती नावे, वस्तादांच्या व तालमींच्या उल्लेखासह. मैदानात क्रम नेमका उलटा असतो: दुपारी रेवड्यांवर नि नारळावर पोरांच्या कुस्त्या सुरू होतात, हळूहळू इनामाचा आकडा चढत जातो, आणि सूर्य कलल्यावर, हलगीचा ताल द्रुत झाल्यावर, एक नंबरची कुस्ती लागते. ज्या पहिलवानाने दहा वर्षे अखेरची कुस्ती केली त्यास एके वर्षी कमिटीचा निरोप येतो की यंदा दोन नंबरला खेळा, आणि त्या निरोपात त्याच्या वार्धक्याचा दाखला एका ओळीत येऊन जातो. (‘दोन नंबर’ या शब्दाला बाजारात जो वेगळाच अर्थ आहे तो आमच्या पहिलवानांना ठाऊक असून ते त्यावर स्वतःच विनोद करतात.)

परंतु नंबर ही झाली बाहेरची खूण. खरे मूल्यमापन घडते ते जोड लावण्यात, आणि या एका कलेविषयी माझा मोह मला आवरत नाही. नेमलेल्या कुस्त्या आधी ठरतात हे खरे. पण उरलेल्या कुस्त्यांसाठी पंचाने एका पोराचा हात धरून त्यास हौद्याभोवती फिरवावे, ‘आहे का याला जोड?’ असे पुकारावे, आणि गर्दीतून कुणी सदरा काढत उठले की दोघांस शेजारी उभे करावे, हा प्रकार मी बालपणापासून पाहत आलो आहे. तेथे ना वजनकाटा असतो, ना जन्माचा दाखला. जाणता पंच मान पाहतो, मनगट पाहतो, पिंढरी पाहतो. मुख्यत्वे श्वास पाहतो, कारण दंड तेल लावून फुगविता येतो, श्वास फुगविता येत नाही. जुन्या मल्लाची जोड लावणे तर परम नाजूक काम: जोड हलकी दिली तर म्हाताऱ्याचा अपमान होतो, भारी दिली तर म्हातारा मातीत जातो आणि त्याचे नाव वापरून पोरगा मोठा होतो. या दुसऱ्या व्यवहाराचीच मैदानात सर्वाधिक किंमत असते, आणि त्याविषयी उघड कुणी बोलत नाही. वृद्ध पहिलवान स्वतःच्या विजयासाठी नव्हे, तर दुसऱ्याच्या विजयाला वजन यावे म्हणून बोलाविला जातो. ओसरीवरच्या आबांना मी हे विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘मला पाडल्यावर तिघांचं फोटू मोठं झालं. बिदागी मला बी मिळालीच की.’’

सगळेच म्हातारे असे हिशेबात बसत नाहीत. गामा पहिलवानाने 1910 साली लंडनला झबिस्को या मल्लाशी तासन् तास झुंज दिली आणि ती बरोबरीत सुटली. पुढे 1928 साली पतियाळात दोघे पुन्हा भिडले तेव्हा उभयतांची वये पन्नाशीला टेकली होती, आणि गामाने एका मिनिटाच्या आतच निकाल लावला. हे मी सांगितल्यावर आबांनी गावाला शोभेल असाच दाखला दिला: ‘‘फटाका सादळला म्हणून टाकू नये. एक ऊन दाखवावं अन् मग बघावं.’’

फडातून उतरल्यावर दर्जा राहतो तो वस्तादाचा. आमच्या मराठवाड्याचे, लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले, पुढच्या वर्षी एडिंबरोस राष्ट्रकुल सुवर्णपदक घेऊन आले. पण पुढल्या पिढीने त्यांना ‘मामा’ म्हणून ओळखले ते त्यांच्या पठ्ठ्यांमुळे. कोल्हापुरात मोतीबाग तालमीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांचे स्थानही असेच होते. सरकारी दफ्तराचा वेग मात्र निराळा: 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार रुजू झाला तो त्यांच्या निधनानंतर सुमारे सोळा वर्षांनी.

आणि आता तर किताबाचीच मोजदाद बिघडली आहे. 2023 च्या नोव्हेंबरात, एकाच महिन्यात, संघटनेतील दुफळीमुळे दोन महाराष्ट्र केसरी झाले: पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेस हरविले, आणि काही दिवसांनी आमच्या धाराशिवला त्याच शिवराजने हर्षवर्धन सदगीरला नमवून गदा खांद्यावर घेतली. 2020 च्या जानेवारीतला महाराष्ट्र केसरी हर्षवर्धन येथे जुना मल्ल ठरला होता, वय तिशीच्या आतच असताना! धाराशिवची गदा खरी की फुलगावची, यावर तेरखेड्याच्या हॉटेलात चहाचे किती कप रिकामे झाले याची गणती नाही. माझे मत विचाराल तर दोन्ही कुस्त्या खऱ्या होत्या, कागद खोटे होते.

मागच्या खेपेस मी गेलो तेव्हा आबांचा नातू तालमीतून घामेजून आला आणि पाया पडून उभा राहिला. आबांनी चष्मा न शोधताच त्याच्या मानेवर पंजा ठेवला, दोन बोटे मनगटाभोवती फिरविली, मग हात छातीवर टेकवून बराच वेळ तसाच ठेवला. पोरगा ताटकळला. बाहेर महामार्गावर कुणी गिऱ्हाईक लवंगी माळ पेटवून पाहत होते.

‘‘नारळावर घालू नका याला,’’ आबा माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘पन्नासावर घाला. अन् जोड जरा थोराड बघा.’’