आधी मोबाइल दाखवा, मग सॉफ्टवेअर

सकाळी ९.३०
लग्नसराई सरली की हदगावच्या बाजारात शूटिंगवाल्याच्या दुकानाला जुनी लग्नंच जगवतात. तामसा, मनाठा, निवघा बाजारकडून लोक कपाटातल्या डीव्हीडी पिशवीत घालून आणतात. घरातला प्लेअर भंगारात गेलेला, नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नाही. मागणी एकच : "मोबाइलात टाकून द्या."

१०.००
डिस्क मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. मग सगळा माल आधी हार्डडिस्कवर उतरवून घ्यायचा. डीव्हीडीत व्हीओबीच्या फाइली असतात, एकेक जास्तीत जास्त १ जीबीची. एकाच लग्नाचे असे चार-पाच तुकडे निघतात.

११.००
आता हे तुकडे मोबाइलवर चालतील असे बदलायला सॉफ्टवेअर. 'फ्री कन्व्हर्टर' म्हणून शोधलं की ढीगभर नावं येतात. बरीचशी फुकट म्हणवतात आणि तयार फाइलवर आपलं नाव छापतात, नाहीतर थोडाच भाग करून पैसे मागतात. वधूच्या चेहऱ्यावर कंपनीचं नाव आलेलं कोणाला चालेल? मी 'हँडब्रेक'वर स्थिरावलो. २००३ पासून चालत आलेलं, मुक्तस्रोत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारं. पण घ्यायचं ते त्याच्या मूळ साइटवरूनच. २०१७ च्या मे महिन्यात त्यांच्याच एका डाउनलोड सर्व्हरवर मॅकसाठीची फाइल बदलून व्हायरस घातला गेला होता. म्हणून साइटवर दिलेला पडताळणी क्रमांक जुळवून पाहिलेला बरा.

१२.००
एक काका मोबाइल पुढे करतात. दुसरीकडून करून आणलेली फाइल.
"दादा, फोटू दिसूलालाय, पण आवाजच येईना."
डीव्हीडीतला आवाज बहुतेक वेळा एसी-३ प्रकारचा असतो. तो तसाच एमपी४ मध्ये भरला तर पुष्कळ मोबाइल मुके होतात. आवाज एएसीत बदलला की काम झालं.
"आणि नातवाच्या मोबाइलात?"
"त्यातबी वाजंल, काका."
त्यांच्या दुसऱ्या फाइलचं दुखणं वेगळं : चित्र अडकत चालतं. ती एच.२६५ मध्ये केलेली. २०१३ चं हे तंत्र फाइल बरीच लहान करतं, पण जुन्या, स्वस्त मोबाइलला ते झेपत नाही. २००३ पासूनचं एच.२६४ जवळपास सगळीकडे चालतं. गिऱ्हाइकाचा मोबाइल हातात घेतल्याशिवाय मी काही ठरवत नाही, ते यासाठीच.

दुपारी १.३०
अख्खं लग्न मशिनला लावण्याआधी एक मिनिटाचा नमुना. तुकडा हलत्या माणसांचाच निवडायचा. अंतरपाट दूर होतो, हार घालायला हात वर जातात आणि हातांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. जुन्या टीव्हीसाठी चित्र एकाआड एक ओळींत टिपलेलं असतं, त्याचा हा परिणाम. डीइंटरलेसचा फिल्टर लावला की रेघा जातात. हँडब्रेकमधली 'फास्ट ५७६पी२५' ही तयार सेटिंग आपल्याकडच्या डीव्हीडीला बरोबर बसते. क्वालिटीचा आकडा मी १८ ते २२ च्या मध्ये ठेवतो. आकडा लहान केला तर फाइल मोठी होते.

३.००
"एचडी करून द्या की भाऊ." हा प्रश्न रोजचा. डीव्हीडीत चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. ते ताणून १०८० केलं तर फाइल फुगेल, आजीचा चेहरा काही जास्त स्पष्ट व्हायचा नाही. असं काम मी घेत नाही.

४.३०
लाईट जाते. एमपी४ फाइलीत कुठे काय आहे याची अनुक्रमणिका साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिली जाते. मध्येच मशिन बंद पडलं तर अर्धी झालेली फाइल उघडतच नाही. म्हणून कन्व्हर्टिंगचं मशिन इन्व्हर्टरवर, पंखा नसला तरी चालेल.

६.००
डिलिव्हरी. जुन्या पेनड्राइव्हवर एफएटी३२ फॉरमॅट असतो, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. पुण्याला असलेल्या लेकीला व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल आहे तशी जाते. व्हिडिओ म्हणून टाकली की ॲप ती आणखी दाबतं.

८.००
उरलेल्या डीव्हीडी हँडब्रेकच्या रांगेत लावून शटर ओढतो. घरी स्वतः करणाऱ्यांना एवढंच सांगणं : पैसे मोजण्याआधी फुकटचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरून बघा, नमुना ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर चालवून पाहा आणि नवी फाइल शेवटपर्यंत बघितल्याशिवाय जुनी डिस्क टाकून देऊ नका.