गुडघाभर पाण्यातले शार्क
पाण्याखाली पहिल्यांदा : लेखांक ७

मास्क चेहऱ्यावर घट्ट बसू लागला, स्नॉर्केलमध्ये शिरलेलं पाणी एका फुंकरीत बाहेर टाकता येऊ लागलं, फिन्स घालून सायकल न चालवता सरळ पाय मारणं जमलं, की गेल्या सहा लेखांकांची शिदोरी पुरेशी झाली असं समजायला हरकत नाही. आता शार्क.

त्यासाठी मी मालदीव निवडलं आहे. मुंबईहून माले तीनेक तासांवर, भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावरच मिळतो. २००९च्या सुमारास गावं असलेल्या बेटांवरही गेस्टहाऊसं काढायला परवानगी मिळाली, तेव्हापासून ही सहल फक्त रिसॉर्टवाल्यांची राहिलेली नाही. पण माझं खरं कारण वेगळं आहे. तिथे शार्क बघायला खोल समुद्रात उतरावंच लागत नाही. भरतीच्या वेळी बेटाच्या धक्क्यावर उभं राहून खाली पाहिलं तरी हात-दीड हात लांबीची पिल्लं काठाकाठाने फिरताना दिसतात. अधूनमधून त्यातलं एक एकदम वळतं आणि बारक्या माशांचा थवा पाण्याबाहेर उसळतो.

हा ब्लॅकटिप रीफ शार्क. अंग पिवळट करडं, पोट पांढरं आणि प्रत्येक पराचं टोक दौतीत बुडवून काढल्यासारखं काळं. मादी एका वेळेला साधारण दोन ते चार पिल्लं देते. ती अंड्यातून नव्हे, थेट जिवंत जन्मतात, आणि जन्मल्या क्षणापासून स्वतःच्या जिवावर असतात. आई काही बघत नाही. म्हणून ती पाण्याच्या अशा पट्ट्यात राहतात जिथे मोठ्या माशांना, म्हणजे मोठ्या शार्कनाही, पोटाला वाळू लागेल. आपण ज्याला पोरांना डुंबायला सोडण्याचं पाणी म्हणतो, तेच नेमकं त्यांचं पाळणाघर.

तेव्हा पहिली भेट पोहत घेऊच नका, उभ्याने घ्या. कमरेइतक्या पाण्यात जायचं, थांबायचं, मास्क लावून नुसता चेहरा बुडवायचा. चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत पुढे सरकवा. वाळूत अंग पुरून बसलेला पाकट त्या हालचालीने उठून निघून जातो, नाहीतर पाय थेट त्याच्यावर पडायचा आणि शेपटीचा काटा लागायचा. उथळ पाण्यात शार्कपेक्षा या पाकटाची काळजी जास्त घ्यायची असते, हे पहिल्या सहलीला कुणी सांगत नाही. ब्लॅकटिपने माणसाला चावल्याच्या ज्या थोड्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच याच पाण्यातल्या, चालणाऱ्यांच्या पायाला झालेल्या आहेत. गढुळलेल्या पाण्यात पांढरा तळवा मासा वाटला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून पाणी ढवळलेलं असेल, किंवा शेजारी कुणी मासे साफ करत असेल, तर तिथे उभं राहायचं नाही.

आता जरा पुढे. मालदीवचं बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला डोंगर नव्हे. डार्विनने १८४२ साली मांडलं तसं, बुडत गेलेल्या जुन्या ज्वालामुखीभोवती वाढत राहिलेलं प्रवाळाचं कडं असतं, आणि त्या कड्यावर साठलेल्या वाळूची ही बेटं. किनाऱ्यापासून आधी शांत उथळ सरोवर, मग प्रवाळाचं सपाट पठार आणि त्याच्या कडेला एकदम तुटणारा उतार. सरोवरात पिल्लं, कडेला मोठे. भरतीचं पाणी पठारावर चढू लागलं की मोठे ब्लॅकटिपही शिकारीसाठी त्याच्याबरोबर आत येतात. ओहोटीला पठार इतकं उघडं पडतं की पोहणाऱ्याचं पोट प्रवाळावर खरचटतं आणि प्रवाळही मोडतं. दोघांचं नुकसान. म्हणून गेस्टहाऊसमध्ये पोचल्यावर पासवर्डच्या आधी भरतीची वेळ विचारून घ्या.

कडेवर पोचल्यावर बहुतेक नवशिके एकच गोष्ट करतात. शार्क दिसला रे दिसला की कॅमेरा पुढे करून त्याच्यामागे सुटतात. आणि तो जातो. ब्लॅकटिप हा लाजाळू प्राणी आहे. आपल्यापेक्षा लांबीला मोठा, फिन्सनी पाणी फोडत येणारा जीव त्याला संकटच वाटतो, आणि त्याला ते दिसायच्या आधी जाणवतं. कमी कंपनसंख्येचे आवाज शार्कला लांबून ऐकू येतात. अंगाच्या दोन्ही बाजूंनी गेलेल्या संवेदी रेषेवर पाण्याची हालचाल उमटते. शिवाय नाकाडाखाली बारीक छिद्रं असतात, आत लिबलिबीत द्रव भरलेल्या नळ्या. स्टेफानो लोरेंझिनी या इटालियन वैद्याने त्यांचं वर्णन १६७८ साली केलं, पण त्या नळ्या जवळच्या प्राण्याच्या स्नायूंतली क्षीण वीज ओळखतात हे कळायला विसावं शतक उजाडलं. अशा प्राण्याचा पाठलाग करून त्याला गाठणं हा विचारच सोडून द्यावा.

करायचं ते उलट. ब्लॅकटिपला श्वासासाठी सतत पुढे सरकत राहावं लागतं, तेव्हा तो एका जागी थांबणार नाही. पण तो लांबही जात नाही. प्रशांत महासागरातल्या पाल्मिरा प्रवाळबेटावर संशोधकांनी या शार्कना ध्वनिसंदेश देणारी यंत्रं बसवून माग काढला, तेव्हा एकेकाचा वावर साधारण अर्ध्या चौरस किलोमीटरपुरता निघाला. शार्कच्या जातींमध्ये हा आकडा फारच लहान. त्याचा अर्थ आपल्यापुरता असा, की आत्ता डावीकडे गेलेला शार्क थोड्या वेळाने उजवीकडून परत दिसण्याची चांगली शक्यता असते, जर तुम्ही तिथेच असाल तर. हात छातीशी दुमडा, पाय सोडून द्या, श्वास लांबवा आणि तरंगत राहा. तो येताना सरळ येत नाही, कमानीत येतो, एका डोळ्याने तुम्हाला जोखतो आणि वळतो. दुसऱ्या फेरीत बहुधा थोडा जवळून.

तेव्हा तो मोठा वाटेल. मास्कच्या काचेतून पाण्यातली वस्तू एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसते. सव्वा मीटरचा शार्क दीड मीटरच्या पुढचा भासतो. रात्री जेवणाच्या टेबलावर तो अडीच मीटरचा होतो, त्याला मात्र प्रकाशाचे नियम जबाबदार नाहीत.

उतारावर प्रवाळाच्या छपरांखाली डोकावलात तर एखाद्या खोबणीत जमिनीला टेकून पडलेला व्हाइटटिप दिसेल. हा तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवर सोडू शकतो, म्हणून दिवसभर पडून राहणं त्याला परवडतं. रात्री तो फटीफटीतून मासे हुसकत फिरतो. वरून, पाण्याच्या पृष्ठभागावरूनच बघा. बुडी मारून त्याच्या दारात जाऊ नका.

तिसरा, ग्रे रीफ शार्क, हा नवशिक्यांचा नव्हे. तो बेटांमधल्या खोल चिंचोळ्या खाड्यांच्या तोंडाशी असतो, पण दिसलाच तर एक खूण ठाऊक हवी. पाठ कमानदार, छातीजवळचे पर खाली रोखलेले, पोहणं वाकडंतिकडं आणि अतिरंजित, असं त्याने सुरू केलं तर तो धमकावतो आहे. त्याच्याकडे तोंड ठेवून, हातवारे न करता, सावकाश मागे सरका आणि त्याची वाट मोकळी करा. बहुतेकदा त्याला तेवढंच हवं असतं.

मग धोका कुठे आहे? जगभरात शार्कने विनाकारण चावल्याच्या घटना वर्षाला साधारण साठ-सत्तरच्या घरात असतात आणि त्यांतल्या मोजक्याच जिवावर बेततात. मालदीवमध्ये स्नॉर्केल करणारा माणूस दगावला तर त्याचं कारण जवळजवळ नेहमी पाणी असतं : प्रवाह, दमछाक, घाबरणं, हृदयविकार. ज्या खाड्यांतून दर भरती-ओहोटीला कड्याच्या आतलं पाणी बाहेर आणि बाहेरचं आत जातं, तिथला प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जुमानत नाही. तेव्हा खाडीच्या तोंडाकडे जायचंच नाही. सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करायची, म्हणजे दमल्यावर परतताना तो मदतीला येतो. एकट्याने कधीच नाही. जीवरक्षक जॅकेट घालण्यात कसलाही कमीपणा नाही, उलट ते घातलेला माणूस स्थिर तरंगतो आणि त्याला शार्क जास्त दिसतात. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क हल्ली सर्रास भाड्याने मिळतात. माझं मत विचाराल तर घेऊ नका. आत पाणी शिरलं तर ते झटकन काढता येत नाहीत, आणि हलक्या दर्जाच्या मास्कमध्ये उच्छ्वासाची हवाच पुन्हा आत ओढली जाते. पाठीला क्रीम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट बरा. ऑक्सिबेन्झोन असलेल्या क्रीमवर पलाऊ आणि हवाईने प्रवाळासाठी बंदी घातलेली आहे, ते मालदीवच्या पाण्यातही कशाला न्यायचं?

आता एका गोष्टीवर थोडं कडक बोलतो. ‘शार्क नक्की दाखवू’ म्हणणाऱ्या सहलींत काही ठिकाणी बोटीतून माशांचे तुकडे टाकून नर्स शार्क जमवले जातात. तीन मीटरपर्यंत वाढणारा, सुस्त दिसणारा हा प्राणी एरवी रात्री फटींतले खेकडे आणि ऑक्टोपस शोषून खातो. इथे तो दिवसाउजेडी बोटीच्या इंजिनाभोवती घिरट्या घालतो. पंख्याच्या पात्यांनी जखमा झालेले शार्क अशा ठिकाणी दिसतात. लोक त्याच्या पाठीवर हात फिरवतात, शेपटी धरून फोटो काढतात. नर्स शार्क चावतो तो बहुतेक अशाच वेळी, आणि चावला की सोडायला फार वेळ लावतो. याला मी शार्क पाहणं म्हणत नाही.

हे शार्क मुळात शिल्लक आहेत यामागे पैशाचा एक हिशोब आहे. मालदीवचा परंपरागत धंदा गळाने टुना धरण्याचा. शार्क मारले जात ते आधी यकृताच्या तेलासाठी, कारण त्या तेलाने लाकडी होड्या राखल्या जात. पुढे परदेशी बाजाराला पर हवे झाले आणि शिकार वाढली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अँडरसन आणि अहमद यांनी हिशोब मांडला : डायव्हरांच्या आवडत्या एका जागेवरचा एक जिवंत ग्रे रीफ शार्क पर्यटनातून वर्षाला ३३,५०० डॉलर मिळवून देतो, मारून विकला तर एकदाच ३२ डॉलर. तरी बंदी यायला २०१० उजाडलं. त्यानंतर शार्क वाढले आणि गळाला लागलेला मासा पळवतात अशी कोळ्यांची तक्रारही वाढली. २०२१मध्ये बंदी शिथिल करण्याचा विचार असल्याचं सरकारकडून बोललं गेलं, तेव्हा पर्यटनवाल्यांनी आणि पर्यावरणवाद्यांनी एवढा आवाज उठवला की ते मागे घ्यावं लागलं. कोळ्यांचं म्हणणं मला अगदीच गैर वाटत नाही. ३३,५०० डॉलरमधला त्यांच्या होडीपर्यंत किती पोचतो, हे त्या आकड्यात नाही.

इतरत्र चित्र उदास आहे. ५८ देशांतल्या ३७१ प्रवाळभित्तींवर पाण्याखाली कॅमेरे सोडून केलेली पाहणी २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास वीस टक्के भित्तींवर शार्क दिसलेच नाहीत असं म्हणावं इतकी त्यांची संख्या घटली होती. आपल्या मासळीबाजारात मोरी म्हणून जी पाटीवर येते ती याच कुळातली, हे मोरीचं कालवण आवडीने खाणाऱ्या माझ्यासारख्यालाही विसरून चालत नाही.

जायच्या आधी सराव हवा असेल तर ऑक्टोबर ते मे या काळात मालवण-तारकर्लीला दोन दिवस काढा. तिथलं पाणी मालदीवइतकं नितळ नसतं, पण मास्कमध्ये पाणी शिरल्यावर न गडबडायची सवय गढूळ पाण्यातच चांगली लागते. मालदीवचं गेस्टहाऊस ठरवताना दोन प्रश्न फोनवरच विचारा : बेटाच्या किनाऱ्यावरूनच पोहत प्रवाळाच्या कडेपर्यंत जाता येतं का, आणि तुमच्या सहलीत शार्कना खायला घालता का. गावं असलेल्या बेटांवर पोहण्याच्या तोकड्या कपड्यांसाठी वेगळा किनारा राखलेला असतो, बाकी सगळीकडे अंगभर कपडे घालावे लागतात आणि दारू मिळत नाही, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पुढच्या आठवड्यात मांटा रे. त्यांच्यासाठी वारे बघून बेट निवडावं लागतं, तेव्हा नकाशा जवळ ठेवा.