विद्यापीठातील संगणक आणि गोंडीची अक्षरे



आपल्या मदतीवर शाळा पूर्ण करून मुले विद्यापीठात पोहोचली, की त्यांना पहिले वाक्य ऐकायला मिळते ते ‘आता सगळे ऑनलाइन आहे’ हे. प्रवेश ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये. ही सोय चांगलीच आहे. पण विद्यापीठाचे खरे काम नवे ज्ञान घडवणे हे आहे. या बदलाने ते काम पुढे जाते का, आणि आपल्या आदिवासी मुलांचा त्यात वाटा काय, हे समजून घेण्यासारखे आहे.

नुसता कागद जाऊन पडदा आला, तर नवे काही घडत नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासण्याची पद्धत सर्व शाखांना एकदम लागू केली. पुरेशी तयारी नव्हती. निकाल रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. एवढे होऊनही शिकवणे होते तसेच राहिले.

‘शोधगंगा’ची गोष्ट वेगळी आहे. पूर्वी पीएच.डी.चे प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडत. एका विद्यापीठात झालेले काम दुसऱ्याला कळतही नसे. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधाची संगणकीय प्रत देण्याचा नियम केला. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेल्या शोधगंगेत आज हे प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. जुनी पुस्तकेही अशीच खुली झाली. नागपूरचे मिशनरी रेव्ह. स्टीफन हिस्लॉप यांनी गोंड समाजाविषयी केलेल्या नोंदी त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापल्या गेल्या. तो दुर्मिळ ग्रंथ गडचिरोलीचा विद्यार्थी आता मोबाइलवर उघडू शकतो. ज्यांच्याविषयी लिहिले गेले, त्यांचीच मुले ते वाचून चुका दाखवू शकतात, ही मला यातली मोठी गोष्ट वाटते.

याहून पुढची पायरी गोंडी लिपीच्या उदाहरणात दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख लोक आहेत. पण ते महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांत विखुरलेले. इकडची मुले देवनागरी शिकतात, तिकडची तेलुगू. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाळा नावाचे गाव आहे. तिथे एका वेगळ्याच लिपीतली गोंडी हस्तलिखिते सापडली. गावातल्या मोजक्या वृद्धांनाच ती लिपी वाचता येत होती. हैदराबाद विद्यापीठातील दलित व आदिवासी अभ्यास केंद्राच्या अभ्यासकांनी या वृद्धांकडून ती शिकून घेतली. पुढे तिचा फॉन्ट तयार झाला, मुलांसाठी वाचनपाठ निघाले आणि जून २०१८ मध्ये ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

युनिकोड म्हणजे काय, ते आपल्याला अनुभवाने माहीत आहे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसत. कारण प्रत्येक फॉन्टचा हिशेब वेगळा. युनिकोडमध्ये समाविष्ट असलेल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक असतो, त्यामुळे योग्य फॉन्ट असेल तर ते अक्षर कोणत्याही यंत्रावर तेच दिसते. ज्या लिपीला असे क्रमांक नाहीत, तिच्यातला मजकूर नीट शोधता येत नाही की खात्रीने पाठवता येत नाही. गोंडीची दुसरी लिपी १९१८ मध्ये बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी रचली. तिला २०१७ मध्ये हे क्रमांक मिळाले. आता मुलांना कोणती लिपी शिकवायची, की देवनागरीच ठेवायची, हे समाजाने ठरवायचे आहे. संगणक ते ठरवणार नाही.

या साऱ्या कामात ज्ञान गावातल्या वृद्धांकडे होते. विद्यापीठाने ते आदराने घेतले आणि संगणकाने ते टिकवले व दूरवर पोहोचवले. गाव वगळले असते, तर उत्तम संगणकांनीही गुंजाळाची लिपी जगाला दिली नसती.

भाषेची अडचण दुसऱ्या बाजूनेही असते. संगणक शिकायचा तर इंग्रजी, आणि नेटवर्क तर डोंगरापलीकडे! आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने यावर साधा उपाय काढला. सुमारे दहा मिनिटांचे पाठ. पडद्यावर इंग्रजी, पण समजावणारा आवाज मराठीत किंवा दुसऱ्या भारतीय भाषेत. पाठ एकदा उतरवून घेतले, की इंटरनेटशिवाय चालतात. त्याच संस्थेच्या ‘फॉसी’ प्रकल्पात देशभरातील विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लिहून देतात आणि त्यांना मानधन मिळते. घेणारा विद्यार्थी इथे देणाराही होतो. वसतिगृहात एक जुना संगणक आणि पेनड्राइव्ह असला, तरी या पाठांची सुरुवात होऊ शकते.

मात्र तिथवर पोहोचण्याआधी एक उंबरठा आहे. विद्यार्थ्याची श्रेयांक खाती आता ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये उघडतात, शिष्यवृत्ती ‘महाडीबीटी’वरून येते, आणि दोन्हीकडे आधारवरचे नाव लागते. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, जातीच्या दाखल्यावर तिसरे, असे आपल्या मुलांच्या बाबतीत नेहमी होते. शिवाय ‘स्वयम्’ नावाचे मोफत अभ्यासक्रमांचे केंद्रीय संकेतस्थळ वेगळे आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना निवास-भोजनाची रक्कम देणारी राज्याची ‘स्वयम’ योजना वेगळी. नावांच्या या गोंधळात मुले चुकीच्या ठिकाणी अर्ज शोधत बसतात.

आपल्यापैकी जे बँकेत, शाळेत, सरकारी कार्यालयात काम करून निवृत्त झाले आहेत, त्यांनी दहावीच्या वर्गातील मुलांची कागदपत्रे समोर ठेवून नावे जुळवून पाहिली, तर मोठे काम होईल. त्यासाठी संगणक येण्याची गरज नाही. चष्मा आणि एक दुपार पुरे.